अनुराधेतला डेल्टा: ही चकती आली कुठून?

अनुराधा नक्षत्रात डोळ्यांना सहज दिसणारे तारे तीन. वृश्चिकाच्या डोक्याशी, थोड्या बाकदार ओळीत: वर बीटा, मध्ये डेल्टा, खाली पाय (π; ही नावं ग्रीक अक्षरांवरून). तिघंही बी वर्गातले, म्हणजे निळसर, सूर्याच्या कितीतरी पट तापलेले आणि वजनदार. वृश्चिक आणि नरतुरंग या भागात तरुण ताऱ्यांचा जो मोठा समूह पसरलेला आहे, त्यातच तिघं जन्मले. अंतरं चारशे ते सहाशे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यातली. तिघांनाही जोडीदार आहेत. एवढं सगळं सारखं असूनही तापलेल्या हायड्रोजनची चकती सध्या फक्त डेल्टाभोवती आहे, आणि 2000 सालापर्यंत तिच्याकडे फारसं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

अशा ताऱ्यांना बीई तारे म्हणतात. बी वर्गाचा, महाराक्षसी (म्हणजे अतिप्रचंड फुगलेला) नसलेला तारा, आणि ज्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्टीत, हायड्रोजनच्या रेषा कधी ना कधी उजळ दिसल्या आहेत, तो बीई. व्याख्येतलं हे ‘कधी ना कधी’ फार महत्त्वाचं आहे. बीई ही ताऱ्याची जात नव्हे, अवस्था आहे. ती येते, राहते, जाते, परत येते. अनेक लेखांत ‘बीई प्रकारचा तारा’ असं कायमचं लेबल लावून टाकलेलं असतं. डेल्टाचं प्रकरण नीट पाहिलं तर ते लेबल सैल पडतं.

नोंद कशी झाली

2000 च्या जून-जुलैत अर्जेंटिनातले हौशी निरीक्षक सेबास्टियन ओतेरो नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांच्या प्रती (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका लहान तितका तारा उजळ) ताडून पाहत होते. डेल्टाची पुस्तकातली प्रत 2.3. तारा त्यांना त्याहून किंचित उजळ वाटला. फरक सुरुवातीला प्रतीच्या एक दशांशाच्या घरातला. इतका बारीक फरक डोळ्यांना कळायचा तर शेजारचे तारे पाठ असावे लागतात, आणि ओतेरोंना ते होते. लगेच मोठ्या दुर्बिणींवर वर्णपट घेतले गेले, आणि हायड्रोजनची लाल रेषा, 656.3 नॅनोमीटरची, उजळ निघाली. पुढच्या दोनेक वर्षांत डेल्टा 1.6-1.7 प्रतीपर्यंत चढला, म्हणजे जवळजवळ दुप्पट तेजस्वी झाला. पूर्ण वृश्चिकाचा चेहराच बदलला. ज्यांनी लहानपणापासून ही रास पाहिलीय त्यांना डोक्याचा मधला तारा खटकू लागला. 2005 च्या सुमारास तो जवळपास जुन्या पातळीवर उतरला आणि मग पुन्हा चढला.

जुनी दफ्तरं चाळल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. 1990 मध्ये घेतलेल्या एका वर्णपटात याच लाल रेषेत अगदी फिकट उजेड होता, आणि 1993 मध्ये तो छापूनही आला होता. त्या वेळी तिकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

ज्याने ही सगळी शाखा सुरू केली ते निरीक्षण याहून कितीतरी जुनं आहे. 1866 मध्ये रोमच्या वेधशाळेत फादर अँजेलो सेक्कींनी शर्मिष्ठेच्या गॅमा ताऱ्याचा पट पाहिला, तेव्हा जिथे काळी रेषा असायला हवी तिथे त्यांना उजळ रेषा दिसली. गंमत म्हणजे तो गॅमाही पुढे 1930 च्या दशकात भलताच उजळला, मग 1940 च्या दशकात त्याच्या उजळ रेषा मावळल्या आणि नंतर परत आल्या.

स्लॅबवरचा पट

लातूरच्या बाजूने हा तारा पाहणं सोपं आहे. औसा तालुक्याच्या अक्षांशावरून डेल्टा दक्षिणेला सुमारे 49 अंशांपर्यंत चढतो. रोममध्ये तो 26 अंशांपलीकडे जात नाही. उन्हाळा हा आपला हंगाम. मेच्या मध्यावर रात्री एकच्या सुमारास तो सगळ्यांत उंच येतो, मेअखेरीला मध्यरात्री. जूनमध्ये मृग निघाला की संपलं. तोवर धूळ असते, क्षितिजाजवळ आभाळ तांबूस राहतं, पण 40-50 अंशांवर ती फारशी आड येत नाही. आड येतो तो गावाचा हायमास्ट.

2022 च्या उन्हाळी सुट्टीत बारावीच्या काही पोरा-पोरींना घेऊन आम्ही एका विद्यार्थिनीच्या घराच्या स्लॅबवर बसायचो. गाव 1993 च्या भूकंपानंतर नव्याने वसलेलं, त्यामुळे घरं विरळ आणि छपरं सपाट. आठ इंची परावर्तक दुर्बीण, कॅमेऱ्याच्या तोंडाशी पिळून बसवायचं ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच, मिलिमीटरला 100 रेघा) आणि एक लॅपटॉप. ग्रेटिंगमधून ताऱ्याचं चित्र असं येतं: डावीकडे ताऱ्याचा ठिपका, उजवीकडे लांबलचक पट्टी, जांभळ्यापासून लालपर्यंत. पट्टीची उजेड-अंधाराची आलेखरेषा काढली की बारकावे कळतात.

आधी बीटा घेतला. बीटाचा पट शहाणा: निळ्यात 486 नॅनोमीटरला खड्डा, त्याच्या डावीकडे 434 ला खड्डा, लालमध्ये 656 ला छोटा खड्डा. पुढे 687 आणि 760 ला आणखी दोन. मग डेल्टा.

“सर, हितं खड्डा पडायला पाहिजे होता ना? उंचवटा कामून आलाय?”

656 ला आलेखरेषा खाली जाण्याऐवजी टेकाडासारखी वर गेली होती. 486 चा खड्डाही बीटाइतका खोल नव्हता, कुणीतरी अर्धवट बुजवल्यासारखा. पोरांनी आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला, आणि ते बरोबरच होतं. म्हणून दुर्बीण पुन्हा बीटाकडे, मग पायकडे, मग ज्येष्ठेकडे वळवली. 687 आणि 760 चे खड्डे सगळ्यांत जसेच्या तसे. ते आपल्याच हवेतल्या प्राणवायूचे, त्यामुळे कुठल्याही ताऱ्यावर तिथेच पडणार. टेकाड मात्र एकट्या डेल्टाच्या पटात. म्हणजे ते ना कॅमेऱ्याचं, ना हवेचं.

हायड्रोजनच्या या रेषांचं, म्हणजे बामर मालिकेचं, सूत्र या पोरांना झोपेत विचारलं तरी येतं. लातूरला ते यावंच लागतं. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर इलेक्ट्रॉन उतरला की 656.3 चा प्रकाश निघतो. हेच सूत्र छपरावर समोर उभं राहिल्यावर दोघा-तिघांनी वहीत ते परत मांडलं, कॅल्क्युलेटर न काढता.

तेवढ्यात त्या घरच्या विद्यार्थिनीचे चुलते बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले. थ्री फेज रात्रीच येते, म्हणून त्यांनाही जागरण.

“काय बघायलाव सर? पावसाचं काय सांगतंय का ते?”

“अनुराधा बघतोय काका.”

“अनुराधेला कुठं आलाय पाऊस?” असं म्हणून ते मोटारीकडे गेले. त्यांचं बरोबर होतं. शेतकऱ्याची नक्षत्रं सूर्यावर चालतात. सूर्य अनुराधेत येतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. पावसाळा केव्हाच सरलेला असतो आणि तारा स्वतः सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो.

उजळ रेषा काय सांगते

ताऱ्याच्या पृष्ठभागावरून निघणारा प्रकाश वरच्या किंचित थंड थरांतून बाहेर येतो आणि हायड्रोजन त्यातला ठरावीक रंग गिळतो. म्हणून काळी रेषा. बीटाचं तेच. डेल्टाभोवती मात्र ताऱ्याच्या बाहेर, काळ्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर हायड्रोजन पसरलेला आहे. डेल्टाचं तापमान 27 हजार केल्विनच्या आसपास, त्यामुळे अतिनील किरणांचा नुसता मारा. त्या माऱ्याने हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, परत पकडले जातात, पायरी पायरीने खाली उतरतात, आणि तिसरीवरून दुसरीवर उतरताना लाल प्रकाश देतात. शिवाय हा वायू एकूण उजेडातही भर घालतो, विशेषतः लाल आणि अवरक्त भागात. 2000 नंतर तारा उजळला तो यामुळे. तारा स्वतः दुप्पट तापला वगैरे काही नाही.

हा वायू गोळ्यासारखा सगळीकडून वेढून नसतो, विषुववृत्ताच्या पातळीत पातळ चकतीसारखा असतो. ऑटो स्ट्रूव्ह यांनी 1931 मध्ये हे सुचवलं, आणि पुढे दूरदूरच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून काही बीई ताऱ्यांच्या चकत्या प्रत्यक्ष मोजल्या गेल्या. वायू चकतीत केप्लरच्या नियमाने फिरतो: आत जलद, बाहेर संथ. चकतीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, म्हणून चांगल्या वर्णपटात उजळ रेषेची दोन टोकं दिसतात. चकती अगदी कडेने दिसली तर मधोमध धारदार काळी रेषा पडते आणि तारा उजळण्याऐवजी मंदही होऊ शकतो. कृत्तिकेतला प्लायोनी अधूनमधून असंच करतो. डेल्टा आपल्याला 35-40 अंशांनी कललेला दिसतो, म्हणजे चकती बरीचशी तोंडावर आहे. म्हणून वायू वाढला की तारा उजळतो.

आमच्या ग्रेटिंगला ती दोन टोकं दिसणं शक्यच नव्हतं, हेही पोरांना आकड्याने दाखवलं. 150 किलोमीटर प्रति सेकंद हा वेग म्हणजे 656.3 मध्ये जेमतेम 0.33 नॅनोमीटरचा सरकाव. आमची पट्टी तीन-चार नॅनोमीटरपेक्षा बारीक भेद करत नाही. चकती आहे, एवढं तिने सांगितलं. फिरते कशी, ते सांगणं तिच्या आवाक्याबाहेर.

संशयित पहिला: जोडीदार

डेल्टाचा जोडीदारही बी वर्गातलाच, सात-आठ सूर्यांच्या वजनाचा. मुख्य तारा 13-14 सूर्यांचा. जोडीदार 10.8 वर्षांत एक फेरी मारतो, पण त्याची कक्षा विलक्षण लांबट आहे: उत्केंद्रता 0.94 (वर्तुळाची 0, आणि 1 च्या जितकं जवळ तितकी कक्षा लांबट). दूर असतो तेव्हा युरेनसच्या कक्षेपलीकडे, नेपच्यूनच्या अलीकडे इतक्या अंतरावर. जवळ येतो तेव्हा मुख्य ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराहूनही कमी. आणि 2000 मध्ये तो सप्टेंबरमध्ये जवळ आला. उजळणं सुरू झालं जून-जुलैत.

हा योगायोग इतका देखणा आहे की कुणीही भुलेल. जोडीदार आला, भरतीचा ताण पडला, ताऱ्याच्या विषुववृत्तावरचा वायू उचकटला, झालं. सुरुवातीला बऱ्याच अभ्यासकांनीही हाच धागा धरला होता. आमच्या छपरावरही पहिला तर्क हाच आला, आणि 2022 चा उन्हाळा मुद्दाम निवडला होता तोही याचसाठी: कक्षेच्या हिशेबाने जोडीदार त्या एप्रिल-मेमध्ये पुन्हा जवळ येणार होता.

पण या संशयिताविरुद्धचा पुरावा पाहू गेलो की सैल पडतो. एक, 1990 मध्ये फिकट उजळ रेषा होतीच, आणि तेव्हा जोडीदार जवळ असला तरी इतका गाजावाजा झाला नव्हता. दोन, 2005 ची घट आणि त्यानंतरची चढ यांचं वेळापत्रक 10.8 वर्षांशी जुळत नाही. जोडीदार तेव्हा दूर होता. तीन, 2011. जुलैच्या सुरुवातीला जोडीदार जवळ आला, आणि जगभरच्या मोठ्या वेधशाळांपासून फ्रान्समधल्या हौशी वर्णपटकारांपर्यंत सगळ्यांनी डेल्टावर नजर रोखली. (आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं, त्यामुळे मराठवाड्याला त्या खेळाचं तिकीट मिळालं नाही.) चकती त्याआधीच भरदार होती. जोडीदार गेला, चकती थोडी हलली असेल, पण फुटली नाही आणि नवा भडकाही उडाला नाही. चौथा मुद्दा मला सगळ्यांत पटतो, कारण तो शेजारीच उभा आहे. पायचा जोडीदार त्याला दीड दिवसात फेरी मारतो, बीटाच्या मुख्य ताऱ्याचा पावणेसात दिवसांत. कायम खेटून असलेले हे जोडीदार अशी चकती उभी करू शकत नाहीत, मग दहा वर्षांतून एकदा चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याला एवढं श्रेय कशाला?

जोडीदार निर्दोष आहे असं म्हणत नाही. चकतीच्या बाहेरच्या कडा तो खरवडू शकतो, थोडी विसकटू शकतो. पण वायू ताऱ्यातून वर काढला तो त्याने नाही.

संशयित दुसरा: फिरकी

बीई तारे सगळे भन्नाट फिरतात. सूर्याचा विषुववृत्ताचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर, यांचा शेकड्यांत. फिरकीने ते मध्यात फुगतात. दक्षिणेकडच्या अग्रनद ताऱ्याचा आकार 2003 मध्ये मोजला तेव्हा त्याची विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येच्या दीडपटीहून अधिक निघाली. नंतरच्या मोजण्यांत आकडा खाली आला, पण चपटेपणा राहिलाच. अशा ताऱ्याचे ध्रुव जास्त तापलेले आणि विषुववृत्त तुलनेने थंड असतं, हे गणित 1924 चं, फॉन झायपेल यांचं.

डेल्टाचा हिशेब फळ्यावर मांडता येतो. रेषांच्या रुंदीवरून आपल्या दिशेने वेग निघतो दीडशे ते पावणेदोनशे. तारा कललेला आहे, त्यासाठी भागाकार केला की विषुववृत्तावर अडीचशे ते तीनशे किलोमीटर प्रति सेकंद. आता सुटण्यासाठी, म्हणजे वायूने स्वतःहून कक्षेत जाण्यासाठी किती हवा? वस्तुमान 13 सूर्य, ध्रुवाकडची त्रिज्या साडेसहा सूर्य, आणि पूर्ण वेगाने फिरणारा तारा मध्यात दीडपट फुगतो हे धरून उत्तर येतं 500 च्या आसपास.

म्हणजे निदान 200 कमी पडतात. प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि लोकप्रिय लेखांत तो नेमका गाळला जातो. ‘तारा इतका जोरात फिरतो की वायू उडून जातो’ हे वाक्य सगळीकडे छापलं जातं. डेल्टाला ते लागू नाही. वायूची स्वतःची उष्णता मदत करेल का? 27 हजार केल्विनला हायड्रोजनचा ध्वनिवेग 20 किलोमीटर प्रति सेकंदाच्या जवळपास. दोनशेच्या तुटीपुढे ती चिल्लर.

फिरकी नसती तर मात्र काहीच झालं नसतं. 500 ची तूट कुणालाच भरता आली नसती. फिरकी गरजेची आहे, पुरेशी नाही.

संशयित तिसरा: हेलकावे

उरतात ताऱ्याच्या आतले कंप. बी वर्गाचे तारे नुसते फुगत-आकसत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर लाटा धावतात, काही भाग वर येतो, काही खाली जातो, काही पुढे-मागे सरकतो. डेल्टाच्या रेषांमध्ये अशा हेलकाव्यांच्या खुणा 1980 च्या दशकातच नोंदल्या गेल्या होत्या. आणि नरतुरंगातल्या म्यू ताऱ्याने 1998 मध्ये मोठा सुगावा दिला. त्याच्या एकापेक्षा जास्त हेलकाव्यांच्या आवर्तनात थोडा थोडा फरक आहे. ते सगळे एकाच तालात आले की त्या सुमारास तारा वायू टाकतो. एकेकट्या लाटेत दम नाही, दोन-तीन माथे एकावर एक आले की आहे. हौद काठोकाठ भरलेला असेल तर जराशा हिंदकळण्यानेही पाणी बाहेर येतं. अर्धा असेल तर कितीही हलवा. फिरकीने हौद भरला, हेलकाव्याने तो हिंदकळला.

पोरांपैकी एकाने लगेच विचारलं, “मग वर गेलेलं परत खाली कामून पडत नाही?” पडतं. बरंचसं पडतं. पण वायूच्या थरांत एकमेकांशी घर्षण असतं, चिकटपणा असतो, आणि त्यातून फिरकीची देवघेव होते: काही वायू आपला संवेग दुसऱ्याला देऊन ताऱ्यावर कोसळतो, आणि ज्याला तो मिळतो तो बाहेर सरकतो. कृष्णविवराभोवती वायू आत ओघळत जातो. इथे तेच यंत्र उलटं चालतं. ली, साइओ आणि ओसाकी यांनी 1991 मध्ये हे मांडलं. पुरवठा थांबला की चकती आतून रिकामी होऊ लागते, तारा मंदावतो. परत पुरवठा झाला की परत चढ. डेल्टाचा 2005 च्या आसपासचा उतार-चढाव या चित्रात बसतो, जोडीदाराच्या वेळापत्रकात बसत नाही.

यावरून बीटा आणि पाय शांत का, हेही काहीसं उलगडतं. जोडीदार तिघांनाही आहेत, पण जोडीदार असणं हा या प्रकरणातला निर्णायक मुद्दाच नव्हे. ताऱ्याचा हौद किती भरलेला आहे आणि त्यात कोणत्या लाटा कितीदा जुळतात, यावर सगळं ठरतं. आपल्या आकाशगंगेत बी वर्गाच्या पाच-सहा ताऱ्यांमागे एक बीई सापडतो. डेल्टाचं तसं आगळं काही नाही. त्याचं आगळेपण इतकंच की तो ठळक आहे आणि त्याची चकती आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली.

पुढचा हंगाम

2022 च्या मेमध्ये डेल्टा वृश्चिकातल्या एप्सिलॉनपेक्षा (2.3) स्पष्ट उजळ होता आणि मूळ नक्षत्रातल्या शौलापेक्षा (1.6) मंद. टेकाड हंगामभर तिथेच होतं, जोडीदार येऊन गेला तरी. पुढची भेट 2033 च्या सुरुवातीला. फेब्रुवारीत वृश्चिक पहाटे वर येतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि ज्वारी राखायला शेतात मुक्काम असेल तर दुर्बिणीचीही गरज नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं तर क्रम असा लावायचा: आधी शौला, मग थीटा (1.9), मग एप्सिलॉन, शेवटी बीटा (2.5), आणि डेल्टा यांतल्या कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो ते तारखेसह लिहायचं. ज्येष्ठेशी तुलना करू नये. तीच मुळात कमी-जास्त होते. आणि डेल्टा क्षितिजाजवळ असताना नोंद करू नये, 30 अंशांवर येऊ द्यावा.